पोटातल्या महाधमनीचा फुगा : रिपोर्ट हातात आल्यापासून काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

सोनोग्राफी पित्ताशयातल्या खड्यांसाठी केलेली असते. रिपोर्टच्या शेवटी खड्यांची नोंद आणि तिच्याखाली आणखी एक ओळ : 'इन्फ्रारीनल ॲब्डॉमिनल एओर्टिक ॲन्युरिझम, ४२ मिमी'. खड्यांचं ऑपरेशन होतं, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि फाईल कपाटावर जाते. अशी एक फाईल साडेचार वर्षांनी माझ्या टेबलावर आली तेव्हा आकडा ५९ झाला होता. मधल्या काळात त्या आजोबांना एकाही माणसाने 'पुन्हा मोजून घ्या' असं सांगितलं नव्हतं.

व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या ओपीडीत रुग्णांच्या फायली लावणं आणि पुढच्या तारखा समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हा लेख. उपचार डॉक्टरच ठरवतील. पण रिपोर्ट वाचणं, तारीख पाळणं आणि रात्री-अपरात्री योग्य दवाखाना गाठणं ही घरच्यांची कामं आहेत, आणि गाडी बहुतेक तिथेच घसरते.

## आधी एवढं समजून घ्या

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी किंवा एओर्टा, छातीतून पोटात उतरते. ती पाठीच्या कण्याला लागून खाली येते आणि बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होऊन ते पायांकडे जातात. पोटात तिची रुंदी साधारण २ सेमी असते. भिंत कमकुवत झाली की रक्ताच्या दाबाने तो भाग हळूहळू फुगतो. रुंदी ३ सेमी किंवा जास्त झाली की त्याला ॲन्युरिझम म्हणतात. बहुतेकांचा फुगवटा किडनीला जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या खाली असतो.

तो सहसा दुखत नाही. 'त्रास नाही म्हणजे काही नाही' हा हिशेब इथे चालत नाही.

कारणांत सगळ्यात वर विडी-सिगारेट. मग वाढतं वय, पुरुष असणं, उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि घरात आधी कुणाला हा आजार असणं. बायकांमध्ये तो कमी आढळतो, पण त्यांचा फुगा तुलनेने लहान आकारातही फुटू शकतो.

सावधान : तरुण वयात फुगा सापडला, किंवा फुग्याबरोबर ताप येतोय, वजन उतरतंय असं असेल, तर कारण वेगळं असू शकतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत जंतुसंसर्ग, ताकायासूसारखी सूज किंवा मारफानसारखा जन्मजात दोष यांपैकी काहीही असू शकतं. अशांना पुढचं वेळापत्रक लागू होत नाही. त्यांनी त्याच आठवड्यात तज्ज्ञाला भेटावं.

## टप्पा १ : रिपोर्टमधून पाच नोंदी काढा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर या पाच गोष्टी स्वच्छ अक्षरात उतरवा :

१. फुगा नेमका कुठे आहे. किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या खाली, वर, की छातीत.
२. सर्वांत मोठा आडवा व्यास.
३. तपासणीची तारीख.
४. कशावर मोजलं. सोनोग्राफी की सीटी.
५. आकार. 'फ्युजिफॉर्म' म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखा फुगलेला. 'सॅक्युलर' म्हणजे एका बाजूला पिशवीसारखा लोंबणारा. सॅक्युलर फुग्याचा निर्णय फक्त सेंटिमीटरवर होत नाही, म्हणून हा शब्द दिसला तर त्याखाली रेघ मारा.

आता चुका. पहिली, मिमी आणि सेमीची गल्लत. ४५ मिमी म्हणजे ४.५ सेमी. फोनवर नातेवाइकांना 'पंचेचाळीस' एवढंच सांगितलं जातं आणि तिकडे धावपळ सुरू होते.

दुसरी चूक जास्त त्रास देते. रिपोर्टवर '४.२ × ४.० × ७.५ सेमी' असं छापलेलं असतं आणि घरचे ७.५ हाच आकडा धरून बसतात. तो बहुतेक वेळा फुग्याची उभी लांबी असतो. निर्णय आडव्या व्यासावर होतो, म्हणजे इथे ४.२ वर. एक मुलगी वडिलांना घेऊन रात्रीच्या गाडीने दोनशे किलोमीटर आली होती, याच एका आकड्यापायी. परतताना ती जिन्यात बसून रडली. दिलासा मिळाला म्हणून रडली, तरी ती रात्र तिने काढलीच ना.

तिसरी गोष्ट 'म्यूरल थ्रॉम्बस' या शब्दाची. फुग्याच्या आतल्या भिंतीवर रक्ताचा थर साचतो, त्याला हे नाव आहे आणि मोठ्या फुग्यांत तो बहुतेक वेळा दिसतो. 'गुठळी' म्हटलं की कुणीतरी स्वतःच्या मनाने रक्त पातळ करायची गोळी सुरू करतो. तसं करू नका.

तपासा : पाचही नोंदी मिळाल्या का? एखादी नसेल तर जिथे तपासणी केली त्या सेंटरला फोन करून विचारा. नोंद बहुधा त्यांच्या मशीनमध्ये असते.

## टप्पा २ : योग्य माणसाकडे, योग्य कागद घेऊन

पोटातल्या फुग्यासाठी व्हॅस्क्युलर सर्जन गाठायचा. छातीतल्या महाधमनीसाठी हृदय आणि छातीचा सर्जन. तुमच्या गावात दोन्ही नसतील तर आधी फिजिशियनकडे जा आणि तिथून चिठ्ठी घ्या. पण 'पोटाचा प्रॉब्लेम आहे' म्हणून पोटविकार तज्ज्ञाच्या रांगेत महिना घालवू नका.

बरोबर काय न्यायचं : जुने-नवे सगळे रिपोर्ट, सीटी झाला असेल तर त्याची सीडीसुद्धा (फिल्मवर मापं नीट घेता येत नाहीत), चालू औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स, ताजं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि बीपीची वही. औषधांची नावं आठवून सांगण्यापेक्षा स्ट्रिप्सची पिशवी टेबलावर रिकामी केलेली कधीही बरी.

## टप्पा ३ : मोजमाप पक्कं करून घ्या

एकाच फुग्याची तीन सेंटरमध्ये तीन मापं निघतात. कुणी भिंतीच्या आतल्या कडेपासून मोजतं, कुणी बाहेरच्या. एवढ्यानेच काही मिलिमीटरचा फरक पडतो. सीटीवरचं माप सोनोग्राफीपेक्षा सहसा थोडं जास्त येतं. म्हणून मागच्या वर्षी सोनोग्राफीत ४४ आणि यंदा सीटीत ४७ आलं, तर 'तीन मिमी वाढला' असं लगेच म्हणता येत नाही.

सोनोग्राफीला जाताना :

- सकाळची वेळ घ्या आणि आधी ६ ते ८ तास पोट रिकामं ठेवा. आतड्यात गॅस असला की महाधमनी झाकली जाते.
- बीपीची गोळी चुकवू नका. घोटभर पाण्याबरोबर ती घ्यायची का, हे वेळ घेतानाच विचारून ठेवा. मधुमेह असेल तर उपाशी राहण्याबद्दलही तेव्हाच बोला.
- शक्यतो दर वेळी तेच सेंटर ठेवा आणि मागचा रिपोर्ट हातात द्या.
- टेबलावर झोपण्याआधी स्पष्ट सांगा : 'एओर्टाचा सर्वांत मोठा व्यास मोजायचा आहे.' नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' म्हटलंत तर यकृत, किडनी, प्रोस्टेट सगळं पाहिलं जाईल आणि एओर्टाची ओळ गाळली जाईल. हे मी कितीदा पाहिलंय, त्याला मोजदाद नाही.

सीटी अँजिओ दर वेळी लागत नाही. आकडा ऑपरेशनच्या जवळ आला, फुगा वेड्यावाकड्या आकाराचा असला किंवा सोनोग्राफीत नीट दिसत नसला, तर डॉक्टर तो सांगतात. त्यात शिरेतून रंगद्रव्य देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन बघावं लागतं. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल किंवा पूर्वी अशा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील, तर ते आधीच सांगा.

तपासा : रिपोर्ट हातात घेऊन दारातच 'एओर्टा' शब्द शोधा. नसेल तर तिथूनच परत आत जा.

## टप्पा ४ : पुढची तारीख आजच लिहा

लहान फुग्यावर लगेच ऑपरेशन का करत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. ब्रिटन आणि अमेरिकेत याच प्रश्नावर मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निकाल १९९८ आणि २००२ मध्ये आले. ४ ते ५.५ सेमीच्या फुग्यावर आधीच ऑपरेशन केलेले रुग्ण, नियमित तपासणीवर ठेवलेल्या रुग्णांपेक्षा जास्त जगले नाहीत. थांबणं हा उपचाराचाच भाग आहे, अट एकच : मोजणी चुकवायची नाही.

अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर सर्जनांच्या संघटनेचं वेळापत्रक असं आहे :

- ३.० ते ३.९ सेमी : ३ वर्षांनी
- ४.० ते ४.९ सेमी : १२ महिन्यांनी
- ५.० ते ५.४ सेमी : ६ महिन्यांनी

ब्रिटनमध्ये याहून लवकर बोलावतात. ४.४ सेमीपर्यंत दर वर्षी आणि ४.५ ते ५.४ साठी दर ३ महिन्यांनी. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली तारीख यांपैकी कुठल्याही यादीशी तंतोतंत जुळली नाही तरी हरकत नाही. तारीख सांगितलीच नसेल तर मात्र विचारल्याशिवाय केबिनमधून उठू नका.

ऑपरेशनचा विचार साधारणपणे पुरुषांत ५.५ सेमी आणि बायकांत ५ सेमीला सुरू होतो. त्याआधीही वर्षात १ सेमीहून जास्त वाढ झाली, किंवा फुग्याच्या जागी दुखायला लागलं, तर थांबायचं नाही. दुखणारा फुगा कितीही सेंटिमीटरचा असो, त्याच दिवशी दवाखाना.

तारीख लक्षात ठेवायची सोपी रीत : भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये यंदाच्या पानावर लिहा, मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्ये रिमाइंडर टाका आणि फाईलच्या बाहेरच्या बाजूला जाड पेनाने 'आकडा – तारीख – पुढची तारीख' लिहा. दिवाळीच्या साफसफाईत फाईल हाताशी आली की ती ओळ कुणाच्या तरी नजरेला पडतेच.

## टप्पा ५ : घरी काय करायचं, काय टाळायचं

विडी-सिगारेट आजपासून बंद. फुगा वाढण्याचा वेग कमी करणारी, आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. 'कमी केलंय' हे उत्तर पुरत नाही. सोडताना अनेकजण मिश्री, तंबाखू किंवा गुटख्याकडे वळतात. निकोटिन तेच, बीपी आणि नाडी वाढायची ती वाढतेच. सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन केला की सोडण्यासाठी मदत मिळते.

बीपी. घरी मशीन ठेवा. पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर ठेवून मोजा आणि लिहा. बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात. कोलेस्टेरॉलची गोळी आणि ॲस्पिरिन दिली असेल तर ती हृदयासाठी आणि इतर रक्तवाहिन्यांसाठी असते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मनाने बंद करू नका.

पोट चोळून घेऊ नका. यावर मला थोडं थांबून बोलायचंय. पोटात बेंबीजवळ 'टकटक' उडतंय असं वाटलं की आपल्याकडे म्हणतात, बेंबी सरकली. मग चोळणारी बाई येते, तेल लावते, अंगठ्याने दाबून ठोका 'जागेवर' आणते, कधी बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालतात. बोटाखाली लागणारा तो ठोका महाधमनीचाच असतो. सडपातळ माणसात तो निरोगी असतानाही जाणवतो, त्यात काही वावगं नाही. पण साठीच्या पुढच्या, विडी ओढलेल्या माणसाच्या पोटात रुंद, जोरकस ठोका लागत असेल, तर चोळणाऱ्या बाईला बोलावण्याआधी सोनोग्राफी करा. पोटात फुगा आहे हे माहीत असताना जोर लावून चोळणं, पोटावर पाय देणं किंवा कशानेही दाबणं यांतलं काहीही करू देऊ नका. आजीला वाईट वाटेल, तरी.

अँटिबायोटिक विचारून. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्यांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये दिला. आपल्याकडे जुलाब लागले किंवा लघवीला जळजळ झाली की या गोळ्या दुकानातून सहज मिळतात. फुगा असलेल्याने कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोलावं : 'मला एओर्टिक ॲन्युरिझम आहे, या गटातली गोळी टाळता येईल का?'

चालणं चांगलं, रोज चाला. श्वास कोंडून वजन उचलणं टाळा, म्हणजे गॅसची टाकी, पाण्याची भरलेली कॅन, जिममधलं जड वजन. दीर्घ कुंभक आणि जोराची भस्त्रिकाही नको. बद्धकोष्ठ असेल तर कुंथत बसण्यापेक्षा इसबगोल घ्या.

## टप्पा ६ : फुटण्याची वेळ ओळखा आणि घरात तालीम करा

हा टप्पा आत्ताच वाचा, आकडा लहान असला तरी.

लक्षणं : पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक उठलेली, न थांबणारी कळ. घाम, चक्कर, चेहरा पांढराफटक पडणं, बीपी घसरणं. कळ कधी जांघेपर्यंत उतरते आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते, कारण मुतखड्याची कळही अशीच उतरते. इंजेक्शन देऊन, सलाइन लावून, 'सकाळी सोनोग्राफी करू' म्हणून ठेवलेल्या माणसाला बऱ्याचदा सकाळ दिसत नाही. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्याची कळ आली असेल, तर एओर्टा बघायला सांगा. फुगा आहे हे आधीच माहीत असेल तर आग्रहच धरा.

क्रम असा :

१. माणसाला आडवं करा. जिना उतरवायचा असेल तर खुर्चीवर बसवून उतरवा, चालवू नका.
२. १०८ ला फोन करा. पहिलंच वाक्य : 'पोटात एओर्टिक ॲन्युरिझम आहे, इतके सेंटिमीटर, आता कळ उठली आहे.'
३. व्हॅस्क्युलर सर्जन, सीटी आणि रक्तपेढी असलेलंच हॉस्पिटल गाठा. याची माहिती आज काढून ठेवा, त्या रात्री नाही. वाटेतूनच तिथे फोन करा.
४. टप्पा १ चा कागद बरोबर घ्या. त्यावर रक्तगटही लिहून ठेवा.
५. खायला-प्यायला काही देऊ नका.

मोठी चूक : हार्ट अटॅक समजून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणं आणि ॲस्पिरिन चावायला देणं. एकाने आधीच घसरलेलं बीपी आणखी खाली जातं, दुसऱ्याने रक्त थांबेनासं होतं. फुगा माहीत असलेल्या माणसाच्या पोटा-पाठीत कळ उठली तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यातलं काहीही नको.

## टप्पा ७ : ऑपरेशन ठरलं तर

दोन मार्ग आहेत. उघडं ऑपरेशन : पोट उघडून फुगलेल्या जागी कापडी नळी शिवतात. आयसीयू, आठवडा-दहा दिवस हॉस्पिटल आणि पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने. दुसरा ईव्हार : जांघेतल्या रक्तवाहिनीतून स्टेंट-ग्राफ्ट आत सरकवून फुग्याच्या आतून नवी वाट करून देतात. दोन-तीन दिवसांत घरी.

घरचे अर्थातच दुसरं मागतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू ईव्हारनंतर १.७ टक्के होते आणि उघड्या ऑपरेशननंतर ४.७ टक्के. पण त्याच रुग्णांचा पुढे बरीच वर्षं माग ठेवला तेव्हा ती आघाडी टिकली नाही. आठ वर्षांनंतर ईव्हारवाल्यांत मृत्यू जास्त दिसले, काहींचा फुगा आत रक्त झिरपत राहून फुटला. म्हणून ईव्हारनंतर महिन्याने, वर्षाने आणि मग दर वर्षी तपासणी जन्मभर लागते. गाव लांब असेल, तपासणीला येणं जमणार नसेल आणि तब्येत धडधाकट असेल, तर उघडं ऑपरेशन जास्त सोयीचं ठरू शकतं. हे तोंडाने विचारा, डॉक्टर त्यावर नक्की बोलतील.

आधीची तयारी : हृदयाची इको, फुप्फुसांची तपासणी, किडनी. धूम्रपान निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद. दातांत पू असेल तर तो आधी काढून घ्या, नव्या नळीला जंतू लागता कामा नयेत. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर न्या आणि नुसतं 'अँजिओ' न म्हणता डॉक्टरांकडून प्रक्रियेचं पूर्ण नाव लिहून घ्या. मंजुरीआधी ॲडमिट होऊन बिल सुरू झालं की मग सगळ्यांचीच ओढाताण होते.

तपासा : घरी आल्यावर ताप, जांघेतून स्राव, एक पाय गार पडणं, पोटात-पाठीत नवी कळ यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

## टप्पा ८ : गुडघ्यामागे आणि घरातल्या इतरांकडे पाहा

गुडघ्यामागच्या रक्तवाहिनीत फुगा असेल तर निम्म्या लोकांत तो दुसऱ्या पायातही असतो आणि पुष्कळांच्या पोटातही. तो सहसा फुटत नाही. त्यात गुठळी होऊन पाय गमवायची वेळ येते, म्हणून २ सेमीलाच विचार सुरू करतात. पोटाच्या तपासणीबरोबर गुडघ्यामागेही एकदा सोनोग्राफीचा प्रोब फिरवायला सांगा.

मेंदूतला फुगा हा वेगळा विषय आहे. त्याला न्यूरोसर्जन लागतो आणि वरचं कुठलंही माप त्याला लागू नाही. एवढंच पक्कं ठेवा : क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी म्हणजे थेट सीटी असलेलं हॉस्पिटल.

आणि रुग्णाची सख्खी भावंडं, मुलं-मुली : पन्नाशी ओलांडली असेल तर प्रत्येकाने एकदा एओर्टाची सोनोग्राफी करून घ्यावी. त्या ५९ मिमीच्या आजोबांचे धाकटे भाऊ त्यांना न्यायला आले होते. वय ६६, खिशात विडीचं बंडल. 'तुम्ही कधी केली?' असं मी विचारलं, तर म्हणाले, 'मला काय होतंय?' त्यांना उपाशीपोटी दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वेळ दिली. ते आले. ३६ मिमी निघाला, आणि त्यांच्या फाईलवर पुढची तारीख मी स्वतः जाड पेनाने लिहिली.